चरबीत दडलेलं लिंग मोकळं करण्याची शस्त्रक्रिया

लठ्ठ पुरुषात ओटीपोटाखालची चरबी पुढे उतरते आणि लिंग आत दडपलं जातं. त्याची लांबी कमी झालेली नसते. आत लघवीचे थेंब साचतात, कातडी सतत ओली राहते, बुरशी लागते. पुढे तोंडाशी व्रणाचं घट्ट कडं तयार होतं. अनेकदा सोबत लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार असतो. त्यात कातडी पांढरट होते, चिरते. कडं एकदा बनलं की नुसत्या वजन घटवण्याने लिंग सहसा बाहेर येत नाही.

अशा रुग्णाची नुसती सुंता करू नका. चांगली कातडी आधीच अपुरी असते; ती आणखी कापली की जखम भरताना आक्रसते आणि लिंग जास्तच अडकतं. पहिल्याच भेटीत सर्जनला याबद्दल स्पष्ट विचारा.

तंबाखू, मिश्री, सिगारेट निदान ४ आठवडे आधी बंद हवी, साखर आटोक्यात हवी. नाहीतर टाके उसवतात, लिंगावर बसवलेली कातडी म्हणजे रोपण मरतं. मूत्रमार्ग अरुंद झालाय का, हेही पाहावं लागतं.

चरबी कुठवर काढायची याच्या खुणा रुग्णाला उभं करून कराव्यात, आडवा झाल्यावर ती सरकते. भूल दिल्यावर कडं चिरून लिंग बाहेर काढतात, कॅथेटर (लघवीची नळी) घालतात आणि रोगट कातडी पूर्ण काढून तपासणीला पाठवतात, कारण तिथे कर्करोग लपलेला असू शकतो. शिश्नमुंडाखाली (लिंगाच्या टोकाखाली) जुन्या कातडीची अगदी अरुंद पट्टीच ठेवावी. रुंद ठेवली की तिच्यात लसीका (शरीरातला पाण्यासारखा द्रव) साचते आणि महिनोन्‌महिने टायरसारखी सूज राहते.

मग जघनभागावरची चरबी कातडीसकट आडवी कापून काढतात. दोन्ही बाजूंच्या वृषणरज्जू (वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिकेची दोरी) सांभाळाव्या लागतात. वरच्या कातडीचा आतला थर खालच्या मजबूत आवरणाला टाक्यांनी पक्का बांधतात. हे टाके सैल राहिले तर चरबी पुन्हा खाली सरकते. लिंगाच्या मुळाशीही टाके घेतात, पण वर नसा आणि खाली मूत्रमार्ग असल्याने बाजूंना.

उघड्या दांड्यावर मांडीवरून घेतलेली सुमारे ०.३ ते ०.४ मिमी जाडीची कातडी बसवतात. लिंग पूर्ण ताणूनच ती मोजावी; तोकडी पडली तर ताठरता आल्यावर ओढ बसते. जोड खालच्या बाजूला ठेवतात. वरून दाब देणारं ड्रेसिंग साधारण ५ दिवस हलवायचं नाही, कारण रोपण सरकलं किंवा त्याखाली रक्त साचलं तर ते चिकटत नाही.

ड्रेनमधून (जखमेतला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून) दिवसाला ३० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की तो काढतात. पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून सर्जनने परवानगी देताच चालायला लागा. पोटाखालची जखम थोडी उघडणं नेहमीचं आहे; रोजच्या ड्रेसिंगने ती बहुधा भरते. ताप, दुर्गंधी, काळं पडलेलं रोपण दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. संभोग सुमारे ६ आठवडे टाळा. लायकेन स्क्लेरोसस असलेल्यांनी तपासणी पुढेही चालू ठेवावी; उरलेल्या कातडीत तो परत येऊ शकतो.