मातीच्या धरणासाठी माती पाहायला शिकताना

मातीच्या धरणाच्या सर्वेक्षणावर नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं: प्रयोगशाळेचा अहवाल उघडण्याआधी खड्ड्यात उतरा. लघु पाटबंधाऱ्यांच्या कामांवर, मुख्यतः मराठवाड्यात, माझी बरीच वर्षं गेली आणि माती ओळखायला मी शिकलो ते बुडीत क्षेत्रातल्या चाचणी खड्ड्यांमध्ये. खड्डा साधारण ३ मीटर खोल घेतात. उतरायला एका बाजूने पायऱ्या करून घ्या आणि वर कुणी उभं असल्याशिवाय आत जाऊ नका. भेगाळलेल्या काळ्या मातीची कड अचानक सुटते.

खड्ड्याच्या भिंतीत थर स्वच्छ दिसतात. वर मुळांची माती, ती खरवडून टाकायचीच. मग काळी, त्याखाली चुनखड्यांची पिवळसर, मग मुरूम. प्रत्येक थराची जाडी लिहा आणि नमुना थरनिहाय घ्या. जेसीबीने सगळं एकत्र उकरून भरलेल्या पिशवीचा अहवाल कुठल्याच थराचा नसतो.

मग हात वापरा. ओल्या मातीची तळव्यावर दोरी वळून पाहा. ३ मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली तर तिच्यात चिकणपणा आहे. तीच माती ओली करून तळव्यावर धरा आणि दुसऱ्या हाताने थोपटा. पृष्ठभागावर पाणी चमकलं आणि दाबताच नाहीसं झालं, तर ती पोयटा आहे. पोयटा पाण्याबरोबर सहज वाहून जातो, म्हणून गाभ्यासाठी त्याच्याकडे संशयानेच बघा. गाभ्याला, म्हणजे हार्टिंगला, पाणी अडवणारी माती लागते. बाहेरच्या आवरणाला, म्हणजे केसिंगला, मुरुमासारखी, पाण्याचा निचरा करणारी आणि उतार धरून ठेवणारी. आपल्याकडची काळी माती बहुधा सीएच, म्हणजे जास्त चिकण मातीच्या गटात जाते: तिचं लिक्विड लिमिट, म्हणजे माती पातळ होऊन वाहू लागते ती ओल, ५० टक्क्यांच्या वर असतं. पाणी ती उत्तम अडवते, पण फुगते, आकसते आणि ओली असताना तिची ताकद कमी असते. म्हणून ती आत, केसिंगने झाकलेली हवी.

आता ज्या गोष्टीसाठी हे मुख्यतः लिहितो आहे ती: चोपण माती. शेतकऱ्याला ती बरोबर ठाऊक असते. पावसानंतर तिथे गढूळ पाणी साचून राहतं आणि वाळल्यावर कडक पापुद्रा धरतो. कारण तिच्यातला सोडियम. त्यामुळे चिकणमातीचे कण साचलेल्या पाण्यातसुद्धा एकमेकांपासून सुटतात. अशी माती गाभ्यात गेली आणि कुठे बारीक भेग पडली, तर पाझराबरोबर कण निघून जातात, भेग रुंदावते आणि धरणाच्या पोटात नळी तयार होते. लिक्विड लिमिट, प्लॅस्टिक लिमिट (दोरी तुटू लागते ती ओल), प्रॉक्टर (माती किती घट्ट दाबली जाते ते) या नेहमीच्या चाचण्यांत ती चांगल्या चिकणमातीसारखीच दिसते, हा खरा धोका.

तपासायला काही लागत नाही. ग्लासात डिस्टिल्ड वॉटर घ्या, मातीचं लहान ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. ढासळून तळाशी ढीग झाला तर ठीक. भोवती दुधट ढग पसरला तर तो भाग नकाशावर खूण करून ठेवा आणि नमुना प्रयोगशाळेत पिनहोल व डबल हायड्रोमीटर या, मातीचे कण पाण्यात किती सुटतात ते पाहणाऱ्या चाचण्यांना पाठवा. विहिरीचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांमुळे ढग दबतो. ढग दिसला नाही तरी निश्चिंत होऊ नका. काही चोपण माती या चाचणीतून निसटते. म्हणून गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारायला कधी कमीपणा मानू नका. मला सर्वांत उपयोगी माहिती त्यांनीच दिली आहे.

माती पाणी अडवणारी असूनही धरण फुटू शकतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटलं. गाभ्यातली वाऱ्याने आणलेली बारीक माती दाबल्यावर पाणी अडवत होती, पण ती सहज वाहून जाणारी होती आणि टेकली होती भेगाळलेल्या खडकावर. त्या भेगा नीट बंद केलेल्या नव्हत्या. आपल्या बेसॉल्टमध्येही सांधे असतात, लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये लाल मातीचा थर असतो, नाल्याचं जुनं पात्र वाळूने भरलेलं असतं. त्यामुळे पायाखंदकाचा तळ स्वतः चालून पाहा आणि बोअरमधल्या पाणीदाब चाचणीचे (दाबाखाली खडकात किती पाणी शिरतं त्याचे) आकडे त्याच्याशी ताडून घ्या.

भरावासाठी माती काढायच्या खाणीतल्या मातीची नैसर्गिक ओल कोणत्या महिन्यात मोजली, हेही नोंदवा. पावसाळा संपताच काळी माती इष्टतम ओलीपेक्षा, म्हणजे ज्या ओलीवर ती सर्वांत घट्ट दाबली जाते त्यापेक्षा, बरीच ओली असते, तर एप्रिलमध्ये तिची दगडासारखी ढेकळं होतात. भरावाच्या थरावर टँकरने वरून पाणी शिंपडून अशा ढेकळांच्या आत ओल पोचत नाही. खाणीतच वाफे करून काही दिवस आधी पाणी मुरवावं लागतं. हा वेळ आणि हे पाणी अंदाजपत्रकात सर्वेक्षणाच्या टप्प्यावरच धरा, कारण पुढे कंत्राटदार त्यासाठी थांबायला तयार नसतो.