वादग्रस्त विषयावरची नोंद कशी लिहावी

कोशात किंवा माहितीपर लेखनात वादाचे दोन्ही पक्ष यायला हवेत, याविषयी कोणाचे दुमत नसते. खरी अडचण ते कोणत्या शब्दांत मांडायचे, इथे येते. पुण्यात रण माजवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्याचेच उदाहरण घेऊ. 1891 मधील या कायद्याने मुलींचे संमतिवय, म्हणजे ज्या वयाखाली पतीनेही शरीरसंबंध ठेवणे गुन्हा ठरते ते वय, 10 वरून 12 वर्षांवर नेले. ‘सनातनी टिळकांनी विरोध केला, परंतु आगरकर, भांडारकर आदी सुधारकांनी कायद्याचा पुरस्कार केला’ हे वाक्य वरवर समतोल वाटते. प्रत्यक्षात ‘सनातनी’ या विशेषणाने निकाल आधीच लागला आहे, ‘परंतु’ने शेवटचा शब्द एका पक्षाला मिळाला आहे आणि कारणे मात्र कोणाचीच आलेली नाहीत.

म्हणून प्रत्येक पक्षाचे मूळ लेखन वाचून त्याचे म्हणणे त्याच्या अनुयायालाही पटेल अशा रीतीने लिहावे. विरोधकाने केलेल्या सारांशावर विसंबू नये. परक्या सरकारने कायदा करून समाजाच्या चालीरीतींत हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणातून व्हावी, हा टिळकांचा मुख्य आक्षेप होता, आणि मुलींची लग्ने सोळाव्या वर्षापूर्वी करू नयेत असा स्वेच्छेने पाळायचा नियम त्यांनीच सुचवला होता. एवढ्यावर थांबल्यास नोंद टिळकभक्तांना आवडेल, पण ती अपुरी राहील, कारण मुलगी ऋतुमती झाल्यावर करायच्या गर्भाधान संस्काराचा शास्त्राधारही त्यांनी पुढे केला होता. संस्कृत पंडित असलेल्या भांडारकरांनी त्याला शास्त्रग्रंथांतूनच उत्तर दिले. आगरकरांना तर सुधारणेसाठी शास्त्राची संमती मिळवण्याची गरजच वाटत नव्हती. एकाच बाजूच्या दोघांची कारणे इतकी वेगळी असताना त्यांना ‘सुधारक’ म्हणून एका वाक्यात कोंबू नये.

क्रियापदेही तपासावीत. ‘लिहिले’, ‘म्हटले’ ही निरुपद्रवी असतात. एकाने ‘दावा केला’ आणि दुसऱ्याने ‘दाखवून दिले’ असे लिहिले की लेखकाचा कल उघडा पडतो. ‘काही अभ्यासकांच्या मते’ असे लिहिण्याऐवजी अभ्यासकाचे नाव द्यावे.

मात्र प्रत्येक वादाला निम्मी-निम्मी जागा द्यायची नसते. शिवाजी महाराजांच्या जन्मासाठी पूर्वी वैशाख शुद्ध 2, शके 1549, म्हणजे 6 एप्रिल 1627 ही तारीख रूढ होती. पुढे टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील घटनांच्या तिथीवार टिपणात, फाल्गुन वद्य 3, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 ही नोंद मिळाली, आणि महाराजांच्याच काळातील ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्यही तीच तिथी सांगते. अशा ठिकाणी पुराव्याने बळकट झालेली तारीख ठामपणे द्यावी आणि जुन्या पुस्तकांत दुसरी तारीख पाहून गोंधळणाऱ्या वाचकासाठी ती कुठून आली व का मागे पडली, हे एक-दोन वाक्यांत सांगावे.