ऑव्हिडच्या रूपांतरकथा अभ्यासताना या चुका टाळा

रोमन कवी ऑव्हिड याचे ‘मेटामॉर्फोसीस’ हे 15 सर्गांचे, सुमारे 12,000 ओळींचे काव्य हाती घेणारा विद्यार्थी बहुधा डॅफ्नी, अ‍ॅक्टिऑन, अ‍ॅरॅक्नी अशा सुट्या कथांपासून सुरुवात करतो आणि बहुतेक घोटाळे तेथेच सुरू होतात. सारांशातून काय घडले ते कळते. पण कथा कोण सांगतो, कोणापुढे आणि कोणत्या कथेच्या पाठोपाठ, हे त्यात उरत नाही.

अ‍ॅरॅक्नीच्या बाबतीत याचा फटका सर्वाधिक बसतो. गर्विष्ठ विणकरणीला मिनर्व्हा देवीने कोळी बनवून धडा शिकवला, असे या कथेचे तात्पर्य सर्रास सांगितले जाते. सहाव्या सर्गातील मजकूर मात्र त्याला पुरती साथ देत नाही. देवांनी वेष पालटून स्त्रियांना कसे फसवले, याची चित्रे अ‍ॅरॅक्नी मागावर विणते आणि त्या कामात मिनर्व्हालाच काय, खुद्द मत्सरालाही खोट काढता आली नसती, असे कवी स्वतः नोंदवतो. चिडलेली देवी ते वस्त्र फाडते, हातातल्या धोट्याने तिच्या कपाळावर प्रहार करते, अपमान असह्य होऊन अ‍ॅरॅक्नी गळफास घेते आणि तेव्हा कोठे देवीला दया येऊन ती तिला कोळ्याच्या रूपात जगू देते. शिवाय पाचवा सर्ग गाळला, तर एक महत्त्वाचा दुवा निसटतो. म्यूझ या काव्य-कलांच्या देवतांना गाण्यात आव्हान देणाऱ्या नऊ बहिणी हरल्या आणि मॅगपाय पक्षी झाल्या, ही हकीकत मिनर्व्हा तेथे विजेत्यांपैकीच एकीच्या तोंडून ऐकते आणि मग अ‍ॅरॅक्नीकडे वळते. हरलेल्यांचे गाणे आपल्यापर्यंत प्रतिपक्षाच्या शब्दांत आणि तेही आटोपशीर रूपात पोहोचते. म्हणून प्रत्येक कथेच्या समासात निवेदकाचे नाव लिहून ठेवावे. स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडणाऱ्या पिग्मेलियनची दहाव्या सर्गातील कथा गायक ऑर्फियस सांगतो, आणि पत्नी युरिडिसीला गमावल्यावर तो स्त्रियांपासून दूर झालेला आहे, हे ध्यानात घेतले की त्या कथेतला प्रेमाचा सूर वेगळा ऐकू येतो.

त्याच पिग्मेलियनच्या मूर्तीला गॅलाटिया म्हणणे ही आणखी एक रूढ चूक होय. ऑव्हिड तिला नावच देत नाही. ते फार नंतर जोडले गेले. त्याच्या काव्यातली गॅलाटिया तेराव्या सर्गात भेटते आणि ती समुद्रकन्या आहे.

मराठी वाचकाला अहल्येच्या कथेमुळे शाप आणि उःशापाची जोडी ओळखीची असते, त्यामुळे येथेही सुटकेची वाट तो नकळत शोधतो. गायीचे रूप मिळालेली आयो आणि सर्सी या जादूगारणीने डुकरे बनवलेले ग्रीक वीर युलिसीसचे सोबती पुन्हा माणसांत येतात, हे खरे. पण बहुतेकांना परतीचा मार्ग नसतो. पंधराव्या सर्गात तत्त्वज्ञ पायथॅगोरस आत्म्याच्या देहांतराविषयी बोलतो, म्हणून साऱ्या रूपांतरांना पुनर्जन्म समजणेही चुकीचे आहे, कारण येथे बहुधा मरण न येताच देह पालटतो.

माझ्या मते खरा अभ्यास सुरू होतो तो, काय बदलले यापेक्षा काय उरले हे विचारल्यावर. अस्वल झालेल्या कॅलिस्टोचे मन पूर्वीचेच राहते. हरिण झालेल्या अ‍ॅक्टिऑनला आपल्याच शिकारी कुत्र्यांना आपले नाव सांगायचे असते, पण शब्द फुटत नाहीत. क्रूर राजा लायकेऑन लांडगा होतो, तरी डोळ्यांतली चमक आणि चेहऱ्यावरचे क्रौर्य तसेच राहते, म्हणजे त्याच्या बाबतीत देह स्वभावाला गाठतो. अपोलो देवापासून पळताना लॉरेलचे झाड झालेल्या डॅफ्नीविषयी मात्र कवी हात राखून लिहितो. झाडाच्या सालीखाली तिचे काळीज अजून धडधडते आणि अपोलोचे बोलणे संपल्यावर लॉरेलचा शेंडा मस्तकासारखा हलल्याचा भास होतो. ‘तिने होकार दिला’ असे टिपणात लिहिणारा विद्यार्थी हा भास खोडून टाकतो.

शेवटची चूक चरित्राची आहे. सम्राट ऑगस्टसने इ.स. 8 मध्ये ऑव्हिडला काळ्या समुद्रावरच्या टोमिस येथे धाडले, तेव्हा हे काव्य बव्हंशी लिहून झाले होते. त्यामुळे अ‍ॅक्टिऑनची कथा ही हद्दपारीची कैफियत म्हणून वाचता येत नाही. नकळत पाहू नये ते पाहिलेल्या अ‍ॅक्टिऑनशी स्वतःची तुलना ऑव्हिड करतो खरा, पण ती हद्दपारीनंतरच्या ‘ट्रिस्टिया’ या काव्यसंग्रहामध्ये, सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या दुसऱ्या भागात.