लकव्याचा झटका: घरच्यांनी काय पाहायचं, काय टाळायचं

लकव्याचा झटका बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच घरी वेळ जातो. माणूस म्हणतो, "हाताला मुंग्या आल्यात, जरा पडतो." मुख्य खूण एकच: त्रास अचानक सुरू होतो.

शंका आली की आधी दात दाखवायला सांगा. ओठाचा एक कोपरा खालीच राहतो का? मग डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर खांद्याइतके उंच धरायला लावा आणि सावकाश दहा आकडे मोजा. एक हात घसरू लागला किंवा तळवा आत वळला, तर त्या हातातली ताकद गेली आहे. नुसतं "माझी बोटं दाबा" म्हणून पाहिलं तर थोडी कमजोरी निसटून जाते. शेवटी एक साधं वाक्य म्हणवून घ्या: "आज बाहेर कडक ऊन पडलंय." जीभ अडखळते, भलतेच शब्द येतात किंवा आपण काय म्हणतोय तेच त्यांना कळत नाही? यातलं एक जरी दिसलं तरी १०८ला फोन करा.

मेंदूच्या मागच्या भागातला झटका मात्र यात बरेचदा सापडत नाही. एकाएकी तोल जाणं, एका बाजूला झुकत चालणं, एकाचे दोन दिसणं, सोबत उलट्या. "पित्त झालंय" म्हणून हा फार वेळा अंगावर काढला जातो. पूर्वी कधीच नव्हतं इतकं भयंकर डोकं क्षणात दुखू लागलं, तर मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो.

त्रास किती वाजता दिसला यापेक्षा माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. म्हणून जवळचा दवाखाना नको. चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं रुग्णालय गाठा, निघतानाच तिथे कळवा. साडेचार तास उलटले तरी जायचंच: मोठी गुठळी असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत ती रक्तवाहिनीतून तार घालून काढता येते.

वाटेत पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढतो. बीपी वाढलेलं दिसलं तरी घरी उतरवू नका, मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो. तेल चोळण्यात तर मिनिटंच जातात. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. मधुमेह असेल तर घरच्या यंत्रावर साखर तपासा, कारण साखर फार उतरली तरी असंच दिसतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी सोबत न्या.

दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरीही त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जा. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वाधिक असतो.