नाटकावरून प्रयोगशील सिनेमा करताय? या चुका टाळा

गाजलेलं नाटक पडद्यावर आणायचं ठरलं की बहुतेक जण आधी कॅमेऱ्याकडे वळतात. तिरक्या फ्रेम, गडद सावल्या, एकावर एक चढवलेल्या प्रतिमा. संहितेला मात्र कुणी हात लावत नाही, कारण ती अभिजात! सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. संवाद जसेच्या तसे राहतात आणि दृश्यं नुसती नक्षी होऊन बसतात.

रंगमंचावर एक पात्र दुसऱ्याला म्हणतं, "तुझे हात थरथरताहेत." शेवटच्या रांगेतून हात दिसत नाहीत, म्हणून तिथे हे वाक्य लागतं. सिनेमात त्यावर हातांचा क्लोजअप लावला की एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. मग वाक्य तरी काढा, नाहीतर हात दाखवू नका. मला तिसरी वाट जास्त आवडते: वाक्य ठेवा आणि हात अगदी स्थिर दाखवा. घाबरलाय तो बोलणाराच, हे लगेच कळतं.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांनी 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये (1957) शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं काव्य सोडूनच दिलं. तिथली लेडी मॅकबेथ उभी राहते ती नोह या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातल्या मुखवट्यासारख्या निश्चल चेहऱ्यातून आणि रेशमी वस्त्रांच्या सळसळीतून. ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ग्रीनवे यांनी 'द टेम्पेस्ट'वरच्या 'प्रॉस्पेरोज बुक्स'मध्ये (1991) उलट केलं. शेक्सपिअरचे शब्द ठेवले, पण बहुतेक पात्रांचे संवाद एकट्या जॉन गिलगुड या नटाच्या आवाजात दिले. आवाज असा एका जागी बांधल्यावर पडद्यावर प्रतिमांचे थर रचायला मोकळीक मिळाली. शब्दांचं काय करायचं, याचं दोन्हीकडे ठाम उत्तर आहे.

दुसरी चूक म्हणजे 'सिनेमा आहे, तर बाहेर जाऊया' असं म्हणत एका खोलीतलं नाटक रस्त्यावर, नदीकाठी नेणं. खोलीतला कोंडमाराच नाटकाचा जीव असेल, तर तो पहिल्याच आउटडोअर शॉटमध्ये निसटतो. खोलीतच राहा, भिंती, उजेड, लेन्स बदला.

अभिनयाची पट्टी तर आधी तपासाच. नाट्यगृहासाठी फेकलेला आवाज क्लोजअपमध्ये खोटा वाटतो. तो मुद्दाम हवा असेल, तर सगळ्याच नटांकडून तसा घ्या.

हक्कांचंही बघून ठेवा: मूळ नाटक कॉपीराइटमुक्त असलं तरी तुम्ही वापरत असलेलं भाषांतर तसं असेलच असं नाही.

एडिटिंगला बसल्यावर प्रसंग निर्जीव वाटत असेल, तर तो डोळे मिटून ऐका. काहीच न गमावता सगळं समजलं, तर चित्रांना काम उरलेलं नाही. अशा वेळी इफेक्ट वाढवू नका. संवादाच्या चार ओळी कापा आणि तोच शॉट तेवढाच लांब ठेवून पुन्हा पाहा.