कारखाना परराज्यात नेण्यापूर्वी तिथले राजकारण कसे तपासावे

विजेचा दर वाढला की कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांमध्ये कर्नाटकात जाण्याची चर्चा सुरू होते. ही चर्चा पुष्कळदा आपल्याच सरकारवर दबाव आणण्यापुरती असते. परंतु ज्याला खरोखरच कारखाना हलवायचा आहे, त्याने दोन्हीकडचे जमिनीचे आणि विजेचे दर शेजारी मांडण्याआधी, दिलेला शब्द सत्ताबदलानंतर टिकतो का, हे पाहावे.

प्रथम घोषणा आणि शासन निर्णय वेगळे करावेत. गुंतवणूक परिषदेत झालेल्या सामंजस्य कराराच्या आधारे सहसा अनुदान मागता येत नाही. त्यासाठी आदेश आणि पात्रता प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्राच्या २०१९ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट केलेले होते आणि सवलत त्या गटानुसार ठरत असे. म्हणून कोणत्याही राज्यात ‘किती मिळेल’ असे न विचारता ‘या तालुक्यात, माझ्या आकाराच्या उद्योगाला, किती वर्षे मिळेल’ असे विचारावे. मंजूर अनुदान खात्यात जमा होईपर्यंत मोठा काळ जाऊ शकतो, त्यामुळे जिल्हा उद्योग केंद्राकडे माहितीच्या अधिकारात थकीत दाव्यांचा तपशील मागावा. तीन-चार वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या एखाद्या कारखानदारालाही गाठावे. त्याचे उत्तर अर्जाच्या उत्तराआधी मिळते.

मिळालेली सवलत कायमची असतेच असेही नाही. पश्चिम बंगालने २०२५ मध्ये कायदा करून १९९३ पासूनच्या प्रोत्साहन योजनांचे लाभ पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतले आणि काही कंपन्यांना उच्च न्यायालयात जावे लागले. यासाठी हिशेब दोनदा मांडावा, एकदा अनुदान धरून आणि एकदा न धरता. दुसरा हिशेब तोट्यात जात असेल तर हलू नये.

जमिनीच्या बाबतीत पश्चिम बंगालमधल्याच सिंगूरचे उदाहरण अजूनही सर्वांत बोलके आहे. सुमारे हजार एकर संपादित जमिनीवरून पेटलेल्या आंदोलनामुळे टाटा मोटर्सने ऑक्टोबर २००८ मध्ये नॅनोचा प्रकल्प गुजरातमधील साणंदला नेला, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच रद्द ठरवले आणि लवादाने ७६५.७८ कोटी रुपयांच्या भरपाईचा निवाडा दिला तो २०२३ मध्ये. लहान उद्योजकाला पंधरा वर्षे थांबणे परवडणारे नाही. तेव्हा भूखंड घेण्यापूर्वी त्या गावात जाऊन कोणाची जमीन गेली, मोबदल्याचे दावे चालू आहेत का आणि विरोधी पक्षाने तिथे कोणते आश्वासन दिले आहे, याची चौकशी करावी.

मनुष्यबळाचा विचार बहुधा शेवटी होतो, आणि ते चूक आहे. हरियाणाने दरमहा ३० हजार रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के आरक्षण देणारा कायदा लागू केला, तो उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये तशाच विधेयकाला मान्यता देऊन काही दिवसांत ते स्थगित ठेवले. स्थगित विधेयक पुन्हा मांडले जाऊ शकते, हे लक्षात ठेवूनच कुशल कामगार सोबत न्यावेत. सीमावादाचाही विचार करावा: डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, त्यामुळे माल पोहोचवण्याच्या मुदतीत अशा दिवसांसाठी सूट करारातच लिहून घ्यावी.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी मुलांची इयत्ता पाहावी. महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशातील राज्य कोट्यासाठी साधारणपणे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण होणे आवश्यक असते. वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. परंतु नव्याने राहायला गेलेल्या कुटुंबाला ती लागू होईल असे गृहीत धरू नये, त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका वाचावी. मूल नववीत असेल तर घर महाराष्ट्रातल्या कागलला ठेवून कारखाना कर्नाटकातल्या निपाणीला चालवणे सहज शक्य आहे, कारण अंतर फारसे नाही.