ऑइलचा लाल दिवा लागला, तर आधी सेन्सरला दोष देऊ नका

चालत्या गाडीत ऑइलच्या कॅनचं लाल चित्र पेटलं, की काम एकच: गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "सेन्सर गेला असेल, घरापर्यंत जाऊ" हे मी गॅरेजमध्ये खूपदा ऐकलंय. त्यातली काही इंजिनं नंतर मीच उघडली, बेअरिंगं खरवडून आतलं तांबं दिसत होतं. हा सेन्सर ऑइलचं प्रेशर बघतो, आणि ते प्रेशर खरंच गेलं असेल तर इंजिन खलास व्हायला काही मिनिटंही पुरतात.

सपाट जागी पाचेक मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर भरा आणि ते कुठे गेलं ते शोधा. पातळी बरोबर असेल तरच पुढे.

सेन्सर शोधायचा तर आधी ऑइल फिल्टर शोधा. बहुतेक गाड्यांत त्याच्याजवळच, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये किंवा फिल्टरच्या हाउसिंगवर, तो आट्यांनी बसवलेला असतो. काही इंजिनांत सिलिंडर हेडच्या टोकाला असतो. खाली षटकोनी धातू, वर प्लास्टिकचं डोकं आणि कनेक्टर. खालून हात घालावा लागला तर इंजिन गार होऊ द्या आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

कनेक्टर काढल्यावर आत ऑइल दिसलं, तर सेन्सर आतून फुटलाय. तो बदलायचाच.

एकच वायर असेल तर तो साधा स्विच. चावी ऑन, इंजिन बंद: दिवा लागलाच पाहिजे. कनेक्टर काढला की तो विझला पाहिजे. तरीही पेटलेला राहिला, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय. दिवा मुळात लागतच नसेल, तर वायरचं टोक ब्लॉकला टेकवा. लागला तर स्विच मेलाय, नाही लागला तर वायर किंवा दिवा तपासा. काही गाड्यांत ही रचना उलटी असते, म्हणून मॅन्युअल उघडून ठेवा.

इथे बरेच जण फसतात. चालू इंजिनावर कनेक्टर काढला, दिवा विझला, म्हणून सेन्सर खराब, असं ठरवू नका. प्रेशर शून्य असलं तरी तो तसाच विझेल.

तीन वायर असतील तर बहुधा एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंगची, एक सिग्नल. इंजिन बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट असतो, प्रेशरबरोबर चढतो. ५ व्होल्टच येत नसतील तर लगेच सेन्सर बदलू नका, ते का येत नाहीत ते आधी शोधा. स्कॅनरवर (गाडीतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) पी०५२२ किंवा पी०५२३ हा कोड आला तर सिग्नलचं व्होल्टेज कमी किंवा जास्त आहे. आधी वायरिंग बघा. पी०५२४ मात्र ऑइलचं प्रेशरच कमी असल्याचं सांगतो, तो हलक्यात घेऊ नका.

खरा निकाल मेकॅनिकल गेज, म्हणजे प्रेशर थेट मोजणारा काटा, देतो. सेन्सर काढून त्याच आट्यांत गेज बसवा, इंजिन गरम करा, आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. बऱ्याच इंजिनांत गरम आयडलिंगला १ बारच्या आसपास आणि रेस दिल्यावर त्याहून बरंच जास्त प्रेशर मिळतं. माझ्याकडे एक गाडी दोन नवे सेन्सर बदलून आली होती. गार असताना दिवा बंद, गरम झाल्यावर आयडलिंगला लुकलुकायचा, रेस दिली की विझायचा. ही लक्षणं सेन्सरची कमी आणि खऱ्या प्रेशरची जास्त. गेजने ०.३ बार दाखवलं. चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवला तर ऑइल गाळणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीत सांधे बंद करायच्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले, आधीच्या कामात कुणीतरी ते भसाभस लावलं होतं. जाळी साफ केली, दिवा गेला. तिसरा सेन्सर टाकला असता तर इंजिन गेलं असतं.

सेन्सर बदलायचाच असेल तर खोल सॉकेट वापरा, खाली फडकं धरा, नवा आधी हातानेच फिरवा. अ‍ॅल्युमिनियममधले आटे पटकन जातात, त्यामुळे शेवटचा ताण मॅन्युअलप्रमाणेच. एकवायरी स्विचला अर्थिंग त्याच्या अंगातूनच मिळतं, म्हणून आट्यांवर टेपचे थर गुंडाळू नका. इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत दिवा विझायला हवा. एक फेरी मारून आल्यावर सेन्सरच्या बुडाशी बोट फिरवा, ते कोरडं यायला हवं.